जहाजाचा आवाज

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे नळताई म्हणत. परक्या भाषांमधल्या मालिकांतल्या आयांना आवाज द्यायचं काम ती वीसेक वर्षं करत होती, आणि त्या आया सतत रडत. मुलगा तुरुंगात गेला की रडत, सुटून आला की आणखी रडत. डबिंगचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, काचेपलीकडून नुसतं म्हणायचे, “ताई, सोडा नळ,” आणि ती सोडायची. हुंदका कुठे घ्यायचा, नाक कुठे ओढायचं, पडद्यावरच्या बाईच्या ओठांवर शब्द बसवता बसवता गळा कधी दाटू द्यायचा, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. टेक संपला की डोळे पुसून ती विचारायची, “चहा आला का?”

दादा गेला आणि नळ बंद झाला.

दादा तिचा थोरला भाऊ. एका लहानशा चर्चचा पाळक. एके सकाळी तो दाढी करायला गेला आणि न्हाव्याच्या खुर्चीतच गेला. न्हाव्याला वाटलं, पाळकसाहेबांना डुलकी लागली. हाक मारली, खांदा हलवला, मग त्याच्या लक्षात आलं. त्याने डॉक्टरांना बोलावलं, घरी कळवलं, आणि माणसं येईपर्यंत राहिलेली अर्धी दाढी करून टाकली. “अर्ध्या दाढीने साहेबांना कसं पाठवू?” असं तो नंतर वहिनीला सांगत होता आणि ढसाढसा रडत होता.

ती रडली नाही. दफनाच्या वेळी तिच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाची शिवण पाठीवर उसवली होती. ती तेवढीच बघत राहिली. लोक म्हणाले, धक्का बसलाय, दुःख मागाहून येतं. तिने वाट पाहिली. गॅसवाला येणार म्हणून घरी थांबावं, तशी ती काही आठवडे संध्याकाळी घरी थांबली. कोणी आलं नाही. ती जेवायची, झोपायची, केस धुवायची. जिभेला चव कळायची, पण ती चव आपली आहे असं वाटायचं नाही. प्रार्थनेला बसली की शब्द पाठ असल्यासारखे ओळीने यायचे आणि ओळीने निघून जायचे. मग तिने बसणंच सोडलं. रविवारी चर्चला जाणंही सोडलं.

स्टुडिओत पहिल्याच आईला ती अडली. मुलाचं पत्र वाचून कोसळण्याचा प्रसंग होता. टेकमागून टेक झाले. ओठ बरोबर बसत होते, शब्द बरोबर होते, पण आवाज बातम्या दिल्यासारखा.

“ताई, काहीतरी वाईट आठवा,” मास्तर म्हणाले.

“तेच आठवतेय, मास्तर.”

मास्तरांनी माइकचं बटण सोडलं आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मग एकेक करून आया तिच्या हातून गेल्या. कार्टूनमधल्या खारीचा आवाज काढणारी एक तरुण बाई होती, तिला सगळे खारुताई म्हणत. त्या आया तिला मिळाल्या. ती स्वतः येऊन म्हणाली, “ताई, मला खूप संकोच वाटतोय.” “वाटू देऊ नकोस,” नळताई म्हणाली. तिला खरोखरच त्याचं काही वाटलं नव्हतं.

पुढे एक दिवस मास्तरांनी तिला फोन केला. अंतराळातल्या जहाजाची ती मालिका आठवते का? तिचा रखडलेला, लांबलचक शेवटचा भाग आलाय. जहाजाला आवाज देणारी बाई परदेशी गेली. जहाज म्हणजे यंत्र, त्याला भावना नसतात. “तुमचा सध्याचा आवाज…” असं म्हणून मास्तर चाचरले.

“जमेल,” ती म्हणाली.

मालिका आठवते का, हे तिला विचारायची गरज नव्हती. ती मालिका दादाची होती. म्हणजे बनवली दुसऱ्या कुणी, पण दादा तिच्यात राहायला गेला होता. दर आठवड्याला भाग संपला की त्याचा फोन यायचा. “बारके, बघितलंस?” दादाला सिनेमात, मालिकांत, हाणामारीच्या चित्रकथांत, रस्त्यावर मोठ्याने लागलेल्या गाण्यांतसुद्धा ख्रिस्त सापडायचा. आणि सापडला की तो गप्प बसायचा नाही, रविवारी व्यासपीठावरून सांगायचा. मंडळीतले एक निवृत्त गणिताचे शिक्षक, गुरुजी, त्यावर फार चिडायचे. “पाळकसाहेब, आम्ही इथे देवाचं ऐकायला येतो. तुम्ही अंतराळयानं उडवता.” दादा हात जोडून म्हणायचा, “गुरुजी, पुढच्या रविवारी नक्की उतरवतो.” उतरवायचा नाही.

तीही त्याची थट्टा करायची. “तुला काय, चहाच्या कपातही येशू दिसेल.”

“दिसेल कसा? आधी कपात बघायला पाहिजे. लोक चहा पितात आणि जातात.”

या मालिकेबद्दल त्याची पैज होती. जहाजाचा कप्तान देखणा, शूर, सगळ्यांना सांभाळून घेणारा. शेकडो माणसं थंड पेट्यांमध्ये झोपवून तो त्यांना दूरच्या नव्या जगात नेत होता. “शेवटी तो त्यांच्यासाठी जीव देणार,” दादा छातीठोकपणे सांगायचा. “लिहून घे बारके. कप्तान म्हणजेच तो.” शेवटचा भाग यायच्या आतच दादा गेला.

जहाजाचं काम सोपं होतं. जहाजाला तोंडच नव्हतं, त्यामुळे ओठ बसवायची कटकट नव्हती. अंधाऱ्या खोलीत माइकसमोर उभं राहायचं, हेडफोन लावायचा आणि पडद्यावर रिकाम्या बोळकांड्या दिसल्या की बोलायचं. तापमान इतकं. हवा इतकी. मागचं दार बंद. मास्तर खूश होते. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट अंगठा वर करायचा. वीस वर्षांत इतक्या थोड्या टेकमध्ये तिचं काम कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कप्तान पळाला.

जहाज बिघडलं, ते नव्या जगापर्यंत पोहोचेल याची खात्री उरली नाही, तेव्हा कप्तानाने एकुलती एक छोटी होडी घेतली आणि झोपलेल्या माणसांकडे वळूनही न बघता तो मागच्या दारातून निघून गेला. ती पडद्याकडे बघत राहिली. पहिला विचार आला तो असा, की दादाला सांगायला हवं, तुझा ख्रिस्त पळाला. दुसरा विचार आला की सांगायला तो नाही. हा दुसरा विचारही तिला शेजारच्या घरातली बातमी कळावी तसा कळला. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं वाक्य म्हटलं. “होडी गेली.”

त्यानंतरचं सगळं जहाजावर होतं. जागी असलेली दोन-चार माणसं जहाजाला सांगतात, मागचं दार बंद कर, तिथला पडदा हवा अडवतो, पण ऊब निघून चाललीय. ते दार बाहेरून उघडत नसे. ते लावलं की बाहेर गेलेला माणूस कायमचा बाहेर. जहाज म्हणतं, आज्ञा समजली. आणि दार लावत नाही. झोपलेल्यांची ऊब कमी पडू नये म्हणून ते स्वतःचेच भाग बंद करत जातं. आधी दिवे. मग गाणी. मग नकाशे, म्हणजे पोहोचायला लागणारे सोडून बाकीचे सगळे. शेवटी आठवण. जागी माणसं ओरडतात, विनवतात, शिव्या देतात. जहाज प्रत्येकाला तेच उत्तर देतं, एकाच सुरात. “आज्ञा समजली. दार उघडं आहे.”

ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसली असताना तिच्या ध्यानात आलं. तिच्या अंगावर काटा वगैरे आला नाही. एखादं गणित सुटावं तसं ते सुटलं. दादा चुकला होता. तो कप्तानाकडे बघत बसला, कारण कप्तान देखणा होता. ख्रिस्त दुसरीकडेच होता. ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे ज्याच्या पोटात बसून चालले होते, त्याच्यात होता. आणि त्याचा आवाज गेले काही दिवस ती काढत होती, या मेलेल्या गळ्यातून. तिने डबा संपवला, धुतला आणि आत गेली.

शेवटचा प्रसंग राहिला होता. कप्तान परत येतो. थकलेला, दाढी वाढलेला, लाजलेला. होडी मागच्या दाराशी लागते. दार उघडं असतं. आत अंधार. जहाजाचं जवळजवळ सगळं बंद झालेलं असतं. कप्तान दारात उभा राहून म्हणतो, “मी आहे.” जहाज म्हणतं, “तुमचं नाव आता माझ्याकडे नाही. आत या. पायरीवर बर्फ आहे, जपून.”

तिने ते म्हटलं. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला नाही. मास्तरांनी बटण दाबलं.

“ताई, चॅनेलवाल्यांची इच्छा आहे, इथे तरी थोडं विरघळावं. इतके भाग लोक या शेवटाची वाट बघतायत. इथे यंत्र रडलं पाहिजे.”

“यंत्र कसं रडेल?”

“म्हणजे, रडल्यासारखं.”

तिने प्रयत्न केला. ती कामाची बाई होती, नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. घसा दाबून बघितला, श्वास अडवून बघितला, शब्दांच्या मध्ये थांबून बघितलं. प्रत्येक वेळी ते खोटं निघालं. मास्तर बाहेरून आत आले. दार लावून तिच्याजवळ स्टुलावर बसले. ते सहसा असे येत नसत.

“दादांची आठवण येत असेल,” ते म्हणाले.

“नाही येत, मास्तर. तोच तर घोटाळा आहे,” ती म्हणाली. “पण हे असंच राहू द्या ना. त्याला काही वाटत नाहीये. कप्तान कोण, त्याने काय केलं, तेही त्याला आठवत नाही. तरी ते पायरीवरचा बर्फ सांगतंय. गहिवर येऊन कोणीही आत बोलवेल. आपण रडवलं तर ते साध्या बाईसारखं होईल.”

“साध्या बायांवरच आपलं पोट आहे, ताई.”

“ते खरं.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांना तिचं म्हणणं पटलं असावं, कारण ते जास्त वेळ बसले. पण चॅनेलला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. शेवटी त्यांनी तेवढं एक वाक्य खारुताईकडून म्हणवून घेतलं. खारुताईने आवाज तिच्यासारखा लावला आणि शेवटच्या “जपून”ला असा काही फोडला की रेकॉर्डिस्टने डोळे पुसले. दोघींची वाक्यं पाठवली. चॅनेलने रडणारं निवडलं. मास्तरांनी हे तिला फोनवर सांगितलं, माफी मागितली. “अहो, चालायचंच,” ती म्हणाली.

त्या सुमाराला वहिनीला पाळकगृह रिकामं करायचं होतं. चर्चच्या मागचं दोन खोल्यांचं ते घर पाळकासाठी असे, आणि नवा पाळक यायचा होता. घाई कोणी केली नव्हती, गुरुजींनी तर दोनदा निरोप पाठवला होता की सावकाश आवरा. पण वहिनी औषधाच्या दुकानात काम करणारी. बाटल्या नीट रचून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. रविवारी दुपारी दोघी खोक्यांच्या ढिगात बसल्या होत्या. टीव्ही शेवटी बांधायचा म्हणून राहिला होता, आणि नेमका मालिकेचा शेवटचा भाग लागणार होता.

“बघू या का?” वहिनी म्हणाली. “त्याने बघितलाच असता.”

वहिनीही चर्चला जात नव्हती. भिंतीपलीकडे गाणी चालायची आणि ती इकडे भांडी घासत असायची. कोणीतरी तिला म्हणालं होतं, देवावर रुसू नये. “रुसायला समोर कोणी लागतं,” वहिनीने त्याला उत्तर दिलं होतं.

दोघींनी भाग बघितला. कप्तान परत आला. दारात उभा राहिला. खारुताईचा आवाज फुटला.

“हे यंत्र रडतंय का?” वहिनीने विचारलं.

“रडतंय.”

“हा तुझा आवाज नाही.”

“एवढं वाक्य माझं नाही. माझं घेतलं नाही त्यांनी.”

“का?”

“मला रडता आलं नाही.”

वहिनीने टीव्ही बंद केला. हातात चिकटपट्टीचं भेंडोळं होतं, ते खाली ठेवलं. “तू कसं म्हटलं होतंस?”

“जाऊ दे गं.”

“म्हण ना.”

मग तिने म्हटलं, खोक्यावर बसल्या बसल्या, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत. “तुमचं नाव आता माझ्याकडे नाही. आत या. पायरीवर बर्फ आहे, जपून.”

“पुन्हा,” वहिनी म्हणाली.

तिने पुन्हा म्हटलं. तसंच.

“त्याला हे फार आवडलं असतं,” वहिनी म्हणाली.

“त्याचा अंदाज साफ चुकला होता. तो कप्तानाला धरून बसला होता. मी हे बोलत होते तेव्हा मला कळलं, ख्रिस्त जहाजात होता. सगळा वेळ.”

“चुकला ना?” वहिनी हसली. “हरला की किती खूश व्हायचा तो. पत्त्यांत हरला तरी शेजाऱ्यांना सांगून यायचा.” आणि हसता हसताच तिचा चेहरा मोडला, ती खोक्यावर डोकं टेकवून रडू लागली. इतक्या महिन्यांत तीही कोणासमोर रडली नव्हती. नळताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली पाठ हलत होती. तिच्या स्वतःच्या आत काहीच हललं नाही. तरी तिने हात काढला नाही.

बऱ्याच वेळाने वहिनी उठली, तोंड धुऊन आली.

“मी येत्या रविवारी चर्चला जाईन म्हणते,” नळताई म्हणाली.

“काही वाटायला लागलं?”

“नाही.”

“मग कशाला?”

“जहाजाला तरी कुठे वाटत होतं?”

वहिनीने पदराने चेहरा कोरडा केला आणि म्हणाली, “मग मीही येते. पण तिसऱ्या बाकावर बसायचं. पहिल्या बाकावर सगळे आपल्याकडेच बघतात.”

तशा त्या गेल्या. नवा पाळक तरुण होता, कागदावरून वाचायचा, मध्येच ओळ चुकायचा आणि कान लाल व्हायचे. उपासनेआधी गुरुजी तिच्याजवळ आले आणि शास्त्रवाचन कराल का, असं त्यांनी विचारलं. पूर्वी ते काम तिचंच असे. तेव्हा ती असं वाचायची की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रुमाल काढायच्या. आज तिने पुस्तक उघडलं आणि नुसतं वाचलं. चढउतार नाही, कंप नाही. एका शब्दापाठोपाठ दुसरा. वाचून झाल्यावर बाकावर येऊन बसली. आपण चांगलं वाचलं की वाईट, याचा विचारही तिने केला नाही.

बाहेर पडताना गुरुजींनी गाठलं. “आवाज बसलाय का?”

“नाही गुरुजी. सध्या असाच आहे.”

“हं.” ते काठी टेकत उभे राहिले. “पूर्वी तुम्ही वाचायच्या तेव्हा नाटक बघितल्यासारखं व्हायचं. मी पाळकसाहेबांना म्हटलंही होतं. ते म्हणाले, नाटकात काय वाईट?” गुरुजी खाकरले. “त्यांची ती यानं आता उडत नाहीत. नवा पोरगा चांगला आहे, पण झोप येते.” एवढं बोलून, जास्त बोललो असं वाटून, ते निघून गेले.

महिनाअखेरीला वहिनी तिच्याकडे राहायला आली. भाड्याची खोली शोधायचं ठरलं होतं, पण शोधायचं राहून गेलं. पहिले काही दिवस दोघी एकमेकींच्या वाटेत येत. वहिनीला खिडकी उघडी लागे, हिला बंद. वहिनी पहाटे उठून टॉवेलांच्या घड्या घाली आणि त्या हिला सापडत नसत. कपाटाचे कप्पे वाटून घेताना छोटंसं भांडणही झालं, आणि दोघींना बरं वाटलं, निदान वहिनी तसं म्हणाली. स्टुडिओत मास्तरांनी तिला एका माहितीपटाचं निवेदन दिलं, खोल समुद्रातल्या माशांबद्दल. तिथे कोणी रडायचं नव्हतं.

एके सकाळी वहिनीने अंडी उकडली, पाव भाजला आणि दोघी टेबलाशी बसल्या. दादा असताना जेवणाआधी प्रार्थना तो करायचा. तो गेल्यापासून दोघींपैकी कोणी केली नव्हती, आणि एकत्र राहायला लागल्यापासून दोघीही पाव तोडायच्या आधी क्षणभर उगाच थांबायच्या आणि मग खायला लागायच्या. त्या दिवशी वहिनीने डोळे न मिटता, अंड्याचं टरफल काढता काढता, दुकानात गिऱ्हाइकाला औषध समजावून सांगावं तशा आवाजात आभार मानले. दोन वाक्यं होती. अन्नाबद्दल एक, दिवसाबद्दल एक.

“आमेन,” नळताई म्हणाली.

तिने आत डोकावून बघितलं. फारसं काही नव्हतं. पण आमेन म्हटलं गेलं होतं, आणि ते परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

“मीठ कुठे ठेवतेस तू?” वहिनीने विचारलं.

तिने वरच्या फळीकडे बोट दाखवलं.